आवाज आहे तोवर

थोरल्याच्या कमरेनं दगा दिला त्या दिवशी विहीर बत्तीस फुटांवर होती. अजून अठरा फूट खाली जायचं होतं, मग तळापासून काठापर्यंत दगडी बांधकाम, आणि हे सगळं पाऊस यायच्या आत. बांधकाम न झालेली विहीर पावसात सापडली तर वरच्या मातीची कड आत येते आणि दोन महिन्यांचं खोदकाम एका दुपारात बुजतं. असं एकदा झालं होतं. त्या विहिरीचा विषय घरात कुणी काढत नसे.

थोरला खाटेवर उताणा पडला होता. कमरेला पट्टा, उशाशी पाण्याचा तांब्या. दीड महिना वाकायचं नाही, ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काठावर कोण?" मामांनी विचारलं.

सगळे धाकट्याकडे बघत होते आणि धाकटा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे.

टोळी पाच जणांची. मामा यारीवर, यारी म्हणजे इंजिनावर चालणारी क्रेन, तिच्या तारेला लोखंडी बकेट. खाली दोघं, धाकटा आणि त्याचा मेहुणा. दगड फोडायचे, बकेट भरायची. धाकट्याची बायको वर, आलेली बकेट ओढून उलटी करायला. आणि काठावर थोरला. यारी काठापासून बारा पावलं मागे असते, मामांना विहिरीतलं काही दिसत नाही. जे दिसतं ते काठावरच्या माणसाला. बकेट भिंतीला आपटू नये म्हणून त्याच्या दोन्ही हातांत ओढदोर असतो, त्यामुळे खुणा करायला हात रिकामे नसतात. उरतं तोंड. सोड. थांब. घे. तीन शब्दांवर खालच्या माणसांचा जीव.

धाकटा वीस वर्षं खाली काम करत होता. का, ते कुणी कधी विचारलं नाही. खाली बोलावं लागत नाही.

तो लहानपणापासून अडखळायचा. जिभेखाली गोट्या ठेवून झाल्या, अचानक पाठीत धपाटा घालून झाला, शाळेतल्या मास्तरांची पट्टी झाली. चौथीनंतर शाळा सुटली. वस्तीत त्याचं नाव पडलं रेडिओ. 'रेडिओ, स्टेशन लागलं का?' पानाच्या टपरीवरची ही एकच चेष्टा तीस वर्षं चालू होती आणि लोकांना अजून तिचा कंटाळा आला नव्हता.

घरात कुणी चेष्टा करत नसे. घरातले त्याचे शब्द पुरे करत. तो "पा" म्हणाला की आई पाणी द्यायची. दुकानात थोरला त्याच्या वतीनं बोलायचा. लग्न ठरवायच्या बैठकीतही थोरलाच बोलला, इतका की मुलीकडच्यांना काही वेळ वाटलं, नवरामुलगा तोच. आणि सगळ्यांत पटाईत मामा. धाकट्याचं तोंड उघडलं की मामांचे ओठ आपोआप हलू लागायचे आणि ते पहिल्या अक्षरावरून अख्खं वाक्य त्याच्या हातात ठेवायचे. दहातल्या नऊ वेळा बरोबर. दहाव्या वेळी धाकटा मान डोलवून तेच खरं मानायचा. दुरुस्ती करायला पुन्हा बोलावं लागलं असतं.

"शिट्टी देऊ दाजींना," मेहुणा म्हणाला.

"शिट्टी सुरुंगाची," थोरला खाटेवरून म्हणाला. "शिट्टी झाली की खालचा माणूस हातातलं टाकून शिडीकडे धावतो. तूच धावशील. किती वेळा धावशील?"

"मग मी राहते काठावर," बायको म्हणाली.

राहिलीही, एक सकाळ. आवाज खणखणीत, नजर पक्की. पण भरलेली बकेट तळापासून सुटताना झोका घेते. दुसऱ्याच खेपेला त्या झोक्यानं तिला दोन पावलं फरफटत काठाकडे नेलं. ओढदोर हातातून सुटला म्हणून ती वाचली. तळहाताची साल निघाली होती. दुपारी तिनं डाव्या हातानं बकेटी उलट्या केल्या आणि काठाचं नाव काढलं नाही.

"बाहेरचा माणूस आणू एखादा," मामा म्हणाले.

"बाहेरच्याच्या भरवशावर मी खाली उभा राहत नाही," मेहुणा म्हणाला. "दाजी असतील तर उतरतो. खाली माझ्या जोडीला कुणी गडी बघा. पण वर दाजी."

धाकट्यानं मान वर केली. काही म्हणायला तोंड उघडलं.

"जमेल म्हणतोय," मामा म्हणाले.

तो ते म्हणत नव्हता.

"तीन शब्द आहेत रे," थोरला म्हणाला. "तीनच."

तीनच होते. त्यातला एक 'थांब' होता. 'थ' आला की धाकट्याची जीभ दातांमागे रुतून बसायची.

*

तीन दिवस काम सुरळीत झालं. गडी मिळाला नव्हता, खाली मेहुणा एकटाच होता. दुसऱ्याच दिवशी धाकट्याच्या ध्यानात आलं की त्याला खरं म्हणजे बोलावंच लागत नाही. त्याचं तोंड उघडलं, हनुवटीला झटका बसला की मामांचा हात चालायचा. क्रम ठरलेला. रिकामी बकेट खाली सोडायची, तळापासून हातभर वर थांबवायची, खालच्यानं ती सरळ करून घ्यायची, मग सोडायची. मामांना तो क्रम झोपेतही ठाऊक होता. 'सो' म्हणेपर्यंत बकेट निघालेली असायची. धाकट्याला बरं वाटलं. बायकोला म्हणालाही, "जम-जमतंय."

चौथ्या दिवशी जेवणानंतर बकेट खाली गेली आणि तळापासून हातभर वर थांबली. खाली एक वेडावाकडा दगड आडवा आला होता. मेहुण्यानं तो बाजूला सारायला बकेटीखाली पाय घातला. धाकट्यानं पाहिलं. थांबा, पाय आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. हनुवटीला झटका बसला. जीभ दातांमागे रुतली.

थांबल्यानंतरचा शब्द नेहमी 'सोड' असतो. मामांनी सोडलं.

विहिरीतून आवाज आला तो माणसाचा वाटला नाही.

*

हॉस्पिटल तालुक्याला होतं. टेम्पोत मेहुण्याचं डोकं बहिणीच्या मांडीवर आणि पाय धाकट्याच्या मांडीवर. टॉवेल तिथवर पोचेपर्यंत दोनदा बदलावा लागला. कागद करायच्या खिडकीपाशी धाकटा उभा राहिला.

"जखमी तुमचा कोण?"

"मे... मे... मे..."

खिडकीतला माणूस दचकला. "मेला? मग इकडे कशाला आणला?"

रांगेतले दोघं हसले. बायको मागून धावत आली आणि सगळं सांगून मोकळी झाली. धाकटा भिंतीला टेकला. हातावरचं रक्त वाळून खपली धरत होतं.

शेजारी फरशी पुसणारी बाई फडकं पिळत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "लहानपणापासून?"

त्यानं मान हलवली.

"सतरा नंबरच्या खोलीत मॅडम बसतात. कानाची तपासणी करतात. बोलण्याचंही बघतात. मंगळवार-शुक्रवार."

"मा-माझं व..."

"वय नाही विचारत त्या." बाईनं फडकं बादलीत टाकलं. "पाय उचला जरा."

मेहुण्याची दोन बोटं गेली. अंगठा वाचला, टाचेला धक्का नव्हता. डॉक्टर म्हणाले, चालेल, थोडा लंगडेल. महिनाभर घरी.

वस्तीत संध्याकाळपर्यंत एकच वाक्य फिरलं: रेडिओनं मेव्हण्याचा पाय घालवला. मामा यारीवर ताडपत्री टाकून घरी गेले. जाताना थोरल्याला म्हणाले, "पोराचा काय दोष. देवानं जीभच तशी दिली." थोरल्यानं मान डोलावली. धाकटा दारातच उभा होता. त्याला त्या वाक्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळलं नाही.

*

मंगळवारी सतरा नंबरच्या दारात त्याला एका तरुण पोरीनं विचारलं, "पेशंट कुठाय? मुलाला आणलं नाही?"

त्यानं आपल्या छातीवर बोट ठेवलं.

आत वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर प्राण्यांची चित्रं. धाकटा एका लाल खुर्चीवर बसला तेव्हा गुडघे हनुवटीला आले. समोर तीन आया आणि तीन लेकरं. एका लेकरानं त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि आईला विचारलं, "हे काका पण नापास झाले?"

मॅडम त्याच्याच वयाच्या होत्या. चष्मा, मनगटावर मोठं घड्याळ. मोठी खुर्ची मागवून त्यांनी त्याला समोर बसवलं.

"काय झालं ते सांगा. वेळ आहे माझ्याकडे."

त्यानं सुरुवात केली. विहीर. बकेट. मे-मेव्हणा. अडकला की तो थांबून त्यांच्या तोंडाकडे बघायचा, शब्द मिळेल म्हणून. मिळत नव्हता. त्या नुसत्या बघत होत्या; घाई नाही, कीव नाही. एकदा तो 'पाय' या शब्दावर इतका वेळ अडकला की बाहेर कुणाचं तरी नाव दोनदा पुकारून झालं. कपाळावर घाम आला. शब्द आला.

सांगून झालं. की नव्हतं झालं, त्याला कळेना. आजवर त्याची वाक्यं दुसऱ्यांनी संपवली होती. आपण कुठं थांबायचं असतं याची त्याला सवय नव्हती.

"म्हणजे तुम्ही 'सोड' म्हणालाच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"न-नाही."

"मग सोडलं कुणी?"

धाकट्यानं त्यांच्या घड्याळाकडे पाहिलं. चार दिवस जे चुकल्यासारखं वाटत होतं ते हे होतं. मामांचं नाव त्याच्या तोंडाशी आलं आणि त्यानं ते गिळलं. त्याला बोट धरून पहिल्यांदा विहिरीत उतरवलं होतं ते मामांनी.

"हे जा-जाईल का?" त्यानं विचारलं.

"नाही. कमी होईल, जास्त होईल, जाणार नाही बहुतेक. घालवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका."

"मग इथं ये-येऊन काय?"

"अडकल्यावर तुम्ही जिभेशी मारामारी करता. ती कशी करायची नाही, ते शिकता येतं. आणि लपवायचं कसं नाही, तेही." त्यांनी कागद पुढे ओढला. "सगळ्यात अवघड शब्द?"

त्यानं त्यांच्या पेनाकडे बोट केलं. कागदावर लिहिलं: थांब.

*

महिनाभर तो मंगळवार-शुक्रवार जात राहिला. विहीर तशीच उघडी होती. दुपारी वाऱ्यानं काठावरची माती आत सांडायची, आणि विहिरीचा मालक एक दिवसाआड येऊन खाटेवरच्या थोरल्याला आभाळ दाखवून जायचा. "बघा हं. दुसरी टोळी तयार आहे."

धाकटा सकाळी गोठ्यामागे उभा राहून 'थ'ला हळूच हात लावायला शिकत होता, जसा तापलेल्या पहारीला लावतात तसा. जीभ टेकवायची, दाबायची नाही. आवाज आधी सोडायचा, शब्द त्याच्यावर बसवायचा. लांबवला की शब्द येत होता: थांऽऽब. म्हैस मान वळवून बघायची. बसमध्ये तो वर्षानुवर्षं पुढच्या गावाचं तिकीट काढायचा, कारण त्या गावाचं नाव सोपं होतं, आणि पाऊण मैल उलटा चालत यायचा. तिसऱ्या शुक्रवारी त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं. कंडक्टरनं आधी घड्याळात पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. नाव पुरं झालं. तिकीट मिळालं.

पण चांगला दिवस आला की दुसरा वाईट यायचा. कधी अख्खा दिवस एक शब्द धड निघायचा नाही, आणि बायको म्हणायची, "आज राहू द्या." तिलाही बघवत नसे.

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं का?" मॅडमनी एकदा विचारलं. "काठावर काय झालं ते?"

त्यानं नाही म्हटलं.

"का?"

"मा-मामा म्हातारे आहेत."

"आणि तुमचा मेहुणा?"

त्यानं भिंतीवरच्या प्राण्यांकडे पाहिलं.

*

मेहुण्याच्या पायाची पट्टी सुटली त्या दिवशी सगळे त्याच्या अंगणात जमले. थोरला काठी टेकत आला होता. मामा ओट्याच्या कडेला. विहीर दुसऱ्या टोळीला द्यायची का, एवढाच विषय होता. दिली तर यारी विकावी लागणार आणि सगळ्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली जायचं.

"मला एक विचारायचंय," मेहुणा म्हणाला. महिनाभरात तो धाकट्याशी फारसं बोलला नव्हता. "दाजी, मी पाय घातलेला तुम्ही पाहिलात?"

"पा-पाहिला."

"मग?"

"मग त्याची जीभ अडकली," मामा म्हणाले. "तो मुद्दाम..."

"मा... मा..."

"माफ कर म्हणतोय रे तुला."

"न... न..."

"नजर चुकली म्हणतो," थोरला म्हणाला. "अरे, होऊन गेलं ते."

धाकट्यानं दोन्ही हात वर केले. ओठ पांढरे पडले होते. "म-मला..."

"पाणी दे गं त्याला," मामा धाकट्याच्या बायकोला म्हणाले.

"कुणी बोलू नका!" बायको एवढ्या मोठ्यानं ओरडली की कठड्यावरची कोंबडी उडाली. "एक शब्द कुणी बोलू नका. त्यांचं त्यांना संपवू द्या."

धाकटा खाली मातीत बसला, कारण उभं राहून जमेना. लांबवत, अडकत, मध्ये दोनदा पार थांबून त्यानं सांगितलं. मी सोड म्हणालो नाही. मी थांब म्हणत होतो. माझा शब्द निघायच्या आत सोडलं गेलं. नेहमीसारखं. माझंही चुकलं. तीन दिवस मी अर्ध्या शब्दावर काम चालू दिलं, कारण मला ते सो-सोयीचं होतं.

हे सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अंगणातलं ऊन ओट्याच्या पहिल्या पायरीवर चढलं.

मामांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. ते उठले. चपला पायात सरकवताना एक उलटी पडली, ती तशीच हातात घेऊन चालू लागले. थोरल्यानं हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मेहुणा आपल्या पायाकडे बघत होता. दोन बोटांच्या जागी गुलाबी, ओलसर कातडी.

"एवढं सांगायला महिना लागला, दाजी?"

धाकट्यानं मान हलवली. "अ-अडतीस वर्षं."

मेहुणा हसला नाही. पण त्यानं आपल्या समोरचा चहाचा कप धाकट्याकडे सरकवला.

*

शुक्रवारी बसच्या थांब्यावर मामा उभे होते. अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली. बसमध्ये शेजारी बसले, आणि कंडक्टर आला तेव्हा खिडकीबाहेर तोंड करून बसले.

सतरा नंबरमध्ये ते लाल खुर्चीवर बसायला तयार होईनात, उभेच राहिले.

"तुम्ही यांचे शब्द पुरे करता?" मॅडमनी विचारलं.

"पोर अडकतं. बघवत नाही."

"कुणाला बघवत नाही?"

मामांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

बोलता बोलता धाकट्यानं बसमध्ये मनाशी जुळवलेलं सांगितलं. यंत्र सोडल्यावर 'थांब' म्हणायला वेळ नसतो. अडकलो की बकेट जातेच. म्हणून उलटं करायचं. बकेट हलवायची तेव्हा मी 'ये' असा आवाज लावीन, लांब, तोडायचा नाही. सोडतानाही तोच, उचलतानाही तोच. आवाज आहे तोवर बकेट चालेल. आवाज तुटला, कशानंही तुटला, मी अडकलो, मला ठसका लागला, तरी ब्रेक. आवाज नाही तर बकेट नाही.

मॅडमना विहिरीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी मुलांच्या खेळण्यांतला एक ट्रक टेबलावर ठेवला आणि मामांचा हात त्यावर.

"करून बघा."

"येऽऽऽ," धाकट्यानं लावला. ट्रक निघाला. मध्येच आवाज तुटला. ट्रक चार बोटं पुढं जाऊन थांबला.

"मामा, चार बोटं," मॅडम म्हणाल्या.

"कळलं होतं ना मला, तो पुढं लावणारच होता..."

"तेच."

पुन्हा. पुन्हा चार बोटं. मग तीन. म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरा ताठल्या होत्या, जसा काही तो खेळण्याचा ट्रक नव्हता, सहा क्विंटल दगड होता. दारात एक लेकरू येऊन बघत राहिलं. सातव्या-आठव्या वेळी आवाज तुटला आणि ट्रक जागच्या जागी थांबला. मामांनी हात उचलून सदऱ्याला पुसला.

"वीस वर्षं," ते म्हणाले. पुढचं बोलले नाहीत. धाकट्याला पुढचे शब्द येत होते. त्यानं ते दिले नाहीत.

*

सोमवारी ताडपत्री काढली. इंजिन चौथ्या प्रयत्नात धरलं. मेहुण्याच्या उजव्या पायात पुढून कापलेला बूट. त्यानं शिडीवर पहिलं पाऊल ठेवलं, थांबला, पुन्हा वर आला, बाजूला थुंकला, आणि उतरला. आठ-दहा फूट गेल्यावर खालून आवाज आला, "दाजी, रेडिओचा आवाज मोठा ठेवा."

असं फक्त मेहुणाच म्हणू शकत होता. धाकट्याला बरं वाटलं, भीतीही वाटली.

वस्तीतले पाचसहा जण बांधावर येऊन बसले होते. थोरला खाटेवरून उठून आला होता आणि काठी दोन्ही हातांनी धरून उभा होता. बायको ढिगाऱ्यापाशी. पश्चिमेला ढगांची एक काळपट रेघ, अजून लांब.

धाकट्यानं ओढदोर हाताला गुंडाळला. "येऽऽऽ"

बकेट निघाली. दहा फुटांवर श्वास चुकला. आवाज तुटला, बकेट थांबली, तार थरथरली. पुन्हा "येऽऽऽ". निघाली. पुन्हा अडकला. पुन्हा थांबली. बकेटही त्याच्यासारखीच अडखळत अडखळत खाली चालली होती.

बांधावर हशा पिकला. "अरे, बकेटीला पण लागण झाली!"

धाकट्याचे कान तापले. सगळं टाकून शिडीनं खाली जावं, खालच्या अंधारात, जिथं कुणी ऐकत नाही, असं त्याला वाटलं. त्यानं दोर आवळला. थोरल्यानं बांधाकडे वळून पाहिलं, पण बोलला नाही. आज कुणाच्या वतीनं बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं.

"येऽऽऽ"

दुपारपर्यंत सोळा खेपा झाल्या. पूर्वी तीस व्हायच्या. थोरला मनातल्या मनात हिशेब करत होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं: दिवस इतके, फूट इतके, ढग तिकडे. बांधावरचे लोक कंटाळून गेले.

सतरावी बकेट तळापासून हातभर वर होती आणि धाकट्याचा आवाज चालू होता. खाली मेहुणा वाकला. पहार बकेटीखाली आडवी गेली होती. ती ओढायला त्यानं हात घातला, मग खांदा, मग डोकं.

धाकट्यानं पाहिलं. 'ये' गळ्यातच तुटलं. आणि सवयीनं, वीस वर्षांच्या नव्हे, अडतीस वर्षांच्या सवयीनं, त्याला 'थांब' म्हणायचं होतं. जीभ दातांमागे गेली आणि रुतली. तोंड उघडं. हनुवटीला झटका बसला. अगदी त्या दिवशीसारखा.

त्यानं मान वळवून पाहिलं.

बारा पावलांवर मामा दोन्ही हातांनी ब्रेकवर रेलले होते. डोळे त्याच्या तोंडावर. ओठ घट्ट मिटलेले, इतके की हनुवटीवर सुरकुत्या पडल्या होत्या.

इंजिन धडधडत राहिलं. बकेट लटकत राहिली, किंचित डुलत. ढिगाऱ्यापाशी बायकोनं पदर तोंडात धरला होता. खाली पहार दगडावर घासल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग मेहुणा मागे सरला, उभा राहिला आणि त्यानं वर पाहिलं.

आता काही म्हणायची गरज उरली नव्हती. तरी धाकट्यानं जीभ हळूच सैल केली, आवाज आधी सोडला आणि शब्द त्याच्यावर बसवला.

"थांऽऽऽब."

त्याचा तो शब्द पुरा बाहेर येईपर्यंत मामा तसेच रेलून होते. मग त्यांनी ओठ उघडले.

"थांबलोय," ते म्हणाले.